खेळाची बातमी, वाचक आणि उत्पन्न : ‘टूर द फ्रान्स’चा धडा

खेळ पाहावयास जमणारा समुदाय मोठा असतो. परंतु त्या खेळाविषयी नित्य वाचणारा वर्ग आपोआप निर्माण होत नाही. तो घडवावा लागतो, आणि तो घडल्यानंतरच उत्पन्नाचा विचार करता येतो. हा क्रम उलटला म्हणजे क्रीडाविषयक पत्रे अल्पायुषी ठरतात. या दृष्टीने फ्रान्समधील एका दैनिकाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. बंद पडण्याच्या बेतास आलेल्या या दैनिकाने १९०३ साली एक सायकल शर्यत सुरू केली. पुढे ते दैनिक राहिले नाही. शर्यत मात्र आजही दरवर्षी होत असून जगातील प्रमुख क्रीडा सोहळ्यांत तिची गणना होते.

हिरवे पत्र आणि पिवळे पत्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये ‘ल व्हेलो’ हे क्रीडा दैनिक चांगलेच प्रस्थापित झाले होते. ते हिरव्या कागदावर छापले जाई. त्याचे संपादक पिएर जिफार हे होते. त्या वेळी ड्रेफस प्रकरणावरून फ्रान्समध्ये तट पडले होते. जिफार यांनी कॅप्टन ड्रेफस यांची बाजू घेतली. तर मोटारींचे कारखानदार काउंट द दिऑन हे विरुद्ध पक्षाचे होते. त्यात जाहिरातींच्या व्यवहारावरून निर्माण झालेल्या नाराजीची भर पडली. परिणामी द दिऑन आणि त्यांच्या सहकारी उद्योगपतींनी १९०० साली स्वतःचे दैनिक काढले. त्याचे नाव ‘लोतो-व्हेलो’ असे ठेवण्यात आले आणि वेगळेपणासाठी त्यास पिवळा कागद वापरण्यात आला. संपादकपदी आन्री देग्रांज यांची नियुक्ती झाली. देग्रांज स्वतः सायकलपटू होते. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडण्याचा विक्रम त्यांनी केला होता.

जाहिरातदारांचा भक्कम पाठिंबा असूनही या पत्राचा जम बसेना. खप सुमारे २५ हजारांच्या आसपास रेंगाळत राहिला. १९०३ च्या आरंभी न्यायालयाच्या निर्णयामुळे नावातील ‘व्हेलो’, म्हणजे सायकल, हा शब्दही सोडावा लागला आणि पत्र केवळ ‘लोतो’ झाले. सायकलीचा वाचक हाच ज्याचा आधार, त्याच्या नावातूनच सायकल गेली. भांडवल व जाहिराती यांच्या बळावर पत्र काढता येते. वाचक मिळविता येत नाहीत, हे येथे स्पष्ट झाले.

एका तरुण वार्ताहराची सूचना

नोव्हेंबर १९०२ मध्ये कार्यालयात झालेल्या विचारविनिमयात जिओ लफेव्र या तरुण वार्ताहराने एक सूचना मांडली : संपूर्ण फ्रान्सला फेरी घालणारी, अनेक टप्प्यांची सायकल शर्यत भरवावी. देग्रांज प्रथम साशंक होते. परंतु हिशेब सांभाळणारे व्हिक्टर गोदे यांनी खर्चास संमती दिली. जानेवारी १९०३ मध्ये शर्यतीची घोषणा झाली.

आरंभीचा प्रतिसाद निराशाजनक होता. तेव्हा नियम बदलण्यात आले. प्रवेश शुल्क २० फ्रँकवरून १० फ्रँकवर आणले गेले आणि पहिल्या पन्नास स्पर्धकांना रोज ५ फ्रँक भत्ता देण्याचे ठरले. एकूण बक्षिसे २०,००० फ्रँकची होती. अखेर १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळील माँझरों येथून ६० स्पर्धक निघाले. लियों, मार्सेय, तुलूझ, बोर्दो, नाँत आणि पुन्हा पॅरिस असे सहा टप्पे, एकूण २,४२८ किलोमीटर, अशी ती शर्यत होती. १९ जुलै रोजी ती संपली. केवळ २१ जणांनी ती पूर्ण केली. विजेते मोरिस गारँ हे दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाच्या जवळजवळ तीन तास आधी पोचले होते.

वाचक का वाढले

शर्यतीनंतर ‘लोतो’चा खप सुमारे ६५ हजारांवर गेला. १९०४ साली ‘ल व्हेलो’ बंद पडले. १९०८ पर्यंत ‘लोतो’चा खप अडीच लाखांवर पोचला आणि १९३३ च्या शर्यतीच्या काळात तो ८,५४,००० इतका झाला. या वाढीची कारणे केवळ शर्यतीच्या थरारात शोधणे बरोबर होणार नाही.

पहिले कारण खेळाच्या स्वरूपात आहे. मैदानावरील सामना प्रेक्षक आरंभापासून अखेरपर्यंत पाहतो. रस्त्यावरील शर्यत तशी पाहता येत नाही. आपल्या गावावरून जाणारा स्पर्धक क्षणभर दिसे आणि धुळीत नाहीसा होई. तो मागे का पडला, पुढे काय झाले, हे जाणण्यास वर्तमानपत्र घेणे भाग होते. म्हणजे जे लोकांनी अर्धवट पाहिले, ते पत्राने पूर्ण केले. दुसरे कारण सातत्याचे. टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस असल्याने झालेल्या टप्प्याचा वृत्तांत व पुढच्याची उत्सुकता यांनी अंक भरत. तिसरे कारण तपशिलाचे. लफेव्र आगगाडीने व सायकलने शर्यतीचा पाठपुरावा करीत आणि वृत्तांत पाठवीत. संपादक मात्र पॅरिसमध्येच राहिले होते. नावे, वेळा व अंतरे यांनी भरलेला मजकूर वाचून दूरच्या गावातील मनुष्यही शर्यतीचा हिशेब ठेवू शके.

यशातून आलेले संकट

दुसऱ्याच वर्षी या यशाची दुसरी बाजू दिसली. १९०४ च्या शर्यतीत रस्त्यावर खिळे टाकण्यात आले, आपल्या भागातील स्पर्धकासाठी प्रेक्षकांनी इतरांवर हल्ले केले आणि काही स्पर्धकांनी नियम मोडले. चौकशीनंतर सायकल संघटनेने डिसेंबरमध्ये पहिल्या चारही क्रमांकांना बाद ठरविले. त्यांत गारँही होते. पाचव्या क्रमांकाचे आन्री कॉर्ने हे वीस वर्षांच्या आतील तरुण विजेते ठरले. शर्यत आता संपली, अशी भाषा खुद्द देग्रांज यांनी आपल्या पत्रातून केली होती.

येथे मूळ अडचण उघड होते. ‘लोतो’ एकाच वेळी शर्यतीचा संयोजक, वृत्तांतकार आणि विक्रेता होता. ज्या घटनेवर आपला खप अवलंबून आहे, तिच्यातील दोष छापणे अशा पत्रास जड जाते. निकाल देण्याचा अधिकार अखेर बाहेरच्या संघटनेने बजावला, म्हणूनच शर्यतीवरील विश्वास टिकला. १९०५ साली टप्पे अकरा करण्यात आले, ते लहान झाले, रात्रीची वाटचाल कमी झाली आणि देखरेख सुलभ झाली. त्याच बदलाने पत्रासही बातमीचे अधिक दिवस मिळाले. प्रामाणिक व्यवस्था आणि खप यांचे हित येथे एकत्र आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उत्पन्नाचे मार्ग

अंकविक्री हा पहिला मार्ग. वाचक वाढल्यावर जाहिराती हा दुसरा. १९१९ साली आघाडीच्या स्पर्धकास पिवळा अंगरखा देण्याची प्रथा सुरू झाली. पत्राचा कागद पिवळा होता. त्यामुळे पत्राची ओळखही त्या अंगरख्याबरोबर रस्त्यावर दिसू लागली. १९३० साली सायकल कारखान्यांच्या संघांऐवजी राष्ट्रीय संघ आणण्यात आले. कारखानदारांचे दडपण कमी झाले. पण सायकली पुरविण्याचा खर्च पत्रावर पडला. तो भरून काढण्यासाठी शर्यतीच्या पुढे जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा नेण्यास त्याच वर्षी आरंभ झाला. जाहिरात रस्त्यावर स्पष्ट जाहिरात म्हणूनच मिरवू लागली; ती स्पर्धेच्या निकालात शिरली नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ‘लोतो’ निघत राहिला. त्यामुळे १९४४ साली फ्रान्स मुक्त झाल्यावर तो बंद करण्यात आला. १९४६ साली ‘लेकिप’ हे दैनिक निघाले आणि १९४७ पासून शर्यत पुन्हा सुरू झाली. चाळीस वर्षांत मिळविलेला वाचकही पत्राची लोकांतील पत गेल्यावर त्यास वाचवू शकला नाही.

आपल्याकडे उपयोगी पडणारे मुद्दे

शाळेचे क्रीडाशिक्षक, तालुक्याचे साप्ताहिक चालविणारे संपादक किंवा भ्रमणध्वनीवरून खेळाची बातमी देणारे तरुण यांना या इतिहासातून काही गोष्टी घेता येतील. जत्रेतील कुस्त्यांचा हगामा किंवा गावोगावच्या कबड्डी स्पर्धा हजारो लोक पाहतात. परंतु नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहणाऱ्या गावकऱ्यांना त्या पाहता येत नाहीत. हाच पहिला वाचक होय. त्यास मल्लाचे नाव, गाव, तालीम, वस्ताद, इनामाची रक्कम आणि कुस्ती निकाली झाली की बरोबरीत सुटली, हे अचूक व वेळेवर हवे असते. असा तपशील मोठ्या दैनिकांतून क्वचितच मिळतो.

ठरलेल्या दिवशी मजकूर देण्याची शिस्त प्रथम लावावी. वाचक स्थिर झाल्यावर स्थानिक दुकानदार, सहकारी संस्था यांच्या जाहिराती घ्याव्यात व त्या जाहिराती म्हणूनच छापाव्यात. इनाम देणाराच जाहिरातदार असेल, तर ते वाचकास सांगावे. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना मनाई करण्यात आली आहे. म्हणून सहज मिळणाऱ्या अशा पैशापासून दूर राहणे इष्ट आहे. छापील नियतकालिक काढावयाचे असल्यास २०२३ च्या अधिनियमानुसार त्याची नोंदणी करावी लागते.

ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने स्पर्धा भरविली असेल, तर पंचांचा निर्णय आणि त्याची बातमी ही दोन कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे असावीत. हरलेल्या गावच्या वाचकासही बातमी खरी वाटली पाहिजे. ती तशी वाटली, तर तो पुढचा अंकही विकत घेईल. आणि क्रीडालेखनाच्या उत्पन्नाचा पाया याहून वेगळा नाही.