पाण्याने थंड होणारा संगणक

(पाणी आणि वीज एकत्र येऊ नयेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही काही संगणकांच्या पेटीत मुद्दाम पाणी फिरवतात. ते कशासाठी आणि कोणती काळजी घेऊन, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग शिक्रापूरमधून जातो. चाकणकडून येणारा रस्ताही येथेच त्याला मिळतो. त्यामुळे येथून दिवसरात्र मालाचे ट्रक जात असतात. एखाद्या गॅरेजमध्ये ट्रकचे तोंड उघडलेले दिसले, तर दुरून नीट पाहा. इंजिनाच्या पुढे एक जाळीदार चौकट दिसेल. तिला रेडिएटर म्हणतात. इंजिनाभोवती फिरणारे पाणी इंजिनाची उष्णता घेते. ते रेडिएटरमध्ये येते, तेथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. हीच युक्ती संगणकातही वापरतात.

पण संगणक तापतो कशामुळे? संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो वीज घेतो आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. साधा प्रोसेसर सुमारे ६५ वॅट वीज घेतो. मोठे काम करणारा प्रोसेसर २०० वॅटच्याही पुढे जातो. एवढी उष्णता पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतून बाहेर पडते. ती काढून घेतली नाही, तर प्रोसेसर आपोआप मंद चालतो. तरीही तापत राहिला, तर संगणक बंद पडतो.

बहुतेक संगणकांत प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्या आणि एक पंखा असतो. पट्ट्या उष्णता घेतात आणि पंखा ती हवेत सोडतो. पण हवा फार थोडी उष्णता वाहून नेते. एक लीटर हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता एक लीटर पाण्याला लागते. म्हणूनच पाणी हा उत्तम हमाल आहे! प्रोसेसरची उष्णता २०० वॅट असेल आणि नळीतून मिनिटाला दोन लीटर पाणी फिरत असेल, तर ते पाणी एका फेरीत केवळ दीड अंशाने तापते.

येथे एक गैरसमज दूर करू या. घरातल्या माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होते, कारण माठातून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते. संगणकातले पाणी बंद नळीत असते. त्याची वाफ होत नाही. त्यामुळे ते खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. उन्हाळ्यात खोलीत ४० अंश तापमान असेल, तर नळीतले पाणी ४० अंशांपेक्षा गरमच राहणार. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. म्हणून खोलीत हवा खेळती हवी.

आता ही यंत्रणा कशी बसवतात ते पाहू. तिचे मुख्य भाग चार. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, पाणी फिरवणारा पंप, नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर. बाजारात हे सर्व भाग जोडून, पाणी भरून, बंद केलेला संच मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा.

प्रथम मोजमाप करावे. संगणकाच्या पेटीला दुकानात कॅबिनेट म्हणतात. दोन पंख्यांचा रेडिएटर साधारणपणे २४० मिलिमीटरचा आणि तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा असतो. पंख्यासह त्याची जाडी पाच सेंटिमीटरांच्या पुढे जाते. तेवढी जागा कॅबिनेटमध्ये आहे का, हे पट्टी लावून पाहावे. आधी खरेदी आणि मग मोजणी केली, तर पैसे वाया जातात.

नंतर संगणक बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी. जुना पंखा उतरवावा. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट मऊ कापडाने पुसावी. नवी पेस्ट वाटाण्याएवढीच लावावी. जास्त लावल्याने जास्त फायदा होत नाही.

मग रेडिएटर कॅबिनेटच्या छताला किंवा पुढच्या बाजूला बसवावा. पाण्यात थोडी तरी हवा राहते. ती नेहमी सर्वांत उंच जागी जमते. पंप सर्वांत उंच असेल, तर हवा पंपात शिरते. पंप घरघरतो आणि लवकर खराब होतो. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा.

त्यानंतर ठोकळा प्रोसेसरवर ठेवून स्क्रू थोडे थोडे आवळावे. एक स्क्रू फिरवला, की त्याच्या समोरचा तिरपा स्क्रू फिरवावा. एकच बाजू आधी घट्ट केली, तर ठोकळा वाकडा बसतो. नळीला तीव्र वळण देऊ नये. शेवटी पंपाची आणि पंख्यांची वायर मदरबोर्डला जोडावी. पंपाची वायर विसरली, तर पाणी जागेवरच उभे राहते आणि प्रोसेसर काही वेळातच तापतो.

काही जण सुटे भाग आणून नळ्या स्वतः जोडतात. त्यांची जबाबदारी मोठी असते. ते मदरबोर्डला वीज न देता आधी फक्त पंप चालवतात. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवतात आणि कित्येक तास, काही जण पूर्ण दिवसही, वाट पाहतात. कागदावर एक थेंब जरी दिसला, तरी सांधा पुन्हा जोडतात. ही तपासणी टाळली आणि पाणी गळले, तर हजारो रुपयांचे नुकसान एका क्षणात होते.

पाणीही कोणतेही चालत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते ठोकळ्याच्या बारीक खाचांत साचतात. असे पाणी विजेचे वाहकही असते. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात शेवाळ आणि गंज रोखणारे औषध घालून वापरतात. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात ठेवू नयेत, ॲल्युमिनिअम झिजते. आणखी एक खबरदारी. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली असते.

तुम्हांला वाटेल, हे सगळे परदेशातच होत असेल. तसे नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर या संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक बसवला गेला. त्याचे प्रोसेसर पाण्याने थंड ठेवतात. शिक्रापूरहून निघालेला माणूस दोन-तीन तासांत जेथे पोहोचेल, तेथे हे काम चालते.

मग प्रत्येक संगणकाला पाणी हवे का? नाही. पत्र लिहायला, हिशेब ठेवायला किंवा शाळेच्या कामाला साधा पंखा पुरतो. महामार्गालगतच्या गावात धूळ फार. कित्येकदा संगणक तापतो, तो केवळ पंख्यात धूळ बसल्यामुळे. अशा वेळी हजारो रुपयांचा संच नको. एक मऊ ब्रश पुरेसा असतो. आधी कारण शोधावे, मग उपाय करावा. चांगल्या कारागिराची ओळख त्याच्या महाग वस्तूंवरून होत नाही. ती त्याच्या मोजमापावरून, तपासणीवरून आणि धीरावरून होते.

शब्दार्थ
युक्ती – तोड, उपाय
निवणे – थंड होणे
झिरपणे – बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर येणे
ऊर्ध्वपातित पाणी – वाफ करून, ती पुन्हा थंड करून मिळवलेले शुद्ध पाणी
सांधा – दोन वस्तू जोडल्याची जागा
कारागीर – हाताने कुशल काम करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ट्रकच्या इंजिनापुढील जाळीदार चौकटीला काय म्हणतात?
(आ) परम ८००० कोणत्या साली तयार झाला?

२. कारणे लिहा.
(अ) संगणकातले पाणी माठातल्या पाण्यासारखे गार होत नाही.
(आ) पंप सर्वांत उंच जागी बसवू नये.
(इ) बोअरचे पाणी वापरू नये.

३. भाषेची गंमत : ‘हवा’ आणि ‘नुकसान’ हे शब्द मराठीत व उर्दूत एकाच अर्थाने येतात. ‘खाली’ आणि ‘बाजू’ या शब्दांचे मात्र दोन्ही भाषांत वेगळे अर्थ आहेत. ते अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्द वापरून एक मराठी वाक्य तयार करा.

४. उपक्रम : माठातल्या पाण्याचे आणि बंद बाटलीतल्या पाण्याचे तापमान दुपारी मोजा. फरक वहीत लिहा आणि त्याचे कारण वर्गात सांगा.