उतरलेलं वजन टिकवायचं असेल तर

तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवून देतो असं कुणी सांगितलं, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना पित्ताशयाबद्दल विचारा. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्यात जेवणात तेल-तूप जवळपास नसलं की पित्ताशय नीट रिकामं होत नाही. पित्त साचून राहतं आणि त्याचे खडे होतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरू लागलं की हा धोका वाढतो.

लेकीच्या लग्नाआधी मी ज्या केंद्रात नाव घातलं होतं, तिथे यातलं काही सांगितलं गेलं नाही. दोन वेळा पावडर कालवून प्यायची आणि संध्याकाळी पातळ सूप घ्यायचं. पैसे आधी घेतले, रक्ताची तपासणी मात्र कधीच केली नाही. लग्नाच्या फोटोंत मी बारीक दिसते. पुढे काही आठवड्यांत केसांचे पुंजके हातात येऊ लागले. एका रात्री उजव्या बरगड्यांखाली अशी कळ आली की दवाखाना गाठावा लागला आणि शेवटी पित्ताशय काढावं लागलं. वजनाचं म्हणाल, तर दिवाळी उलटेपर्यंत ते होतं तिथे परत आलं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. वजन उतरवण्यासाठी जे करायचं, ते गणपतीत, लग्नसराईत, घरात चार पाहुणे असताना आणि पाच वर्षांनीही करता येईल का? येणार नसेल तर ते सुरूच करू नये. उतरवण्यापेक्षा टिकवणं अवघड, आणि त्याला कारण आहे. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी कडक आहार करून वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभरानंतर तपासलं. तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली होती आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेली होती. म्हणून वजन परत वाढलेल्या बाईला 'जिभेवर ताबा नाही' असं कुणी म्हणू नये. तिला खरोखरच जास्त भूक लागते, आणि त्या भुकेची सोय तिच्या ताटातच करावी लागते.

माझ्या ताटात आता आधी उसळ, पिठलं किंवा घट्ट वरण असतं. सोबत पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर ताक. भाकरी आहेच, पण तिसरी मागायची वेळ येत नाही. तुम्ही अंडी किंवा मासे खात असाल तर फारच उत्तम, फक्त मासे तळलेले नकोत. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि बसल्या जागी खर्च होणारी शक्ती आणखी घटते.

तेलाचा हिशेब मात्र प्रत्येक घराने बसून करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात बैठं काम करणाऱ्याला, दिवसाच्या २००० कॅलरींच्या आहारात, तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरले आहेत. या मापाने चौघांच्या घरात १५ किलोचा डबा साडेचार महिन्यांहून जास्त पुरायला हवा. आमच्याकडे तो दुसऱ्या महिन्याअखेर संपायचा. किटलीने ओतणं बंद करून मी चमच्याने फोडणी घालायला लागले. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. घरात दुसरं काहीही बदललं नाही तरी हे बदला.

दुसरी गोष्ट खास बायकांसाठी. मुलांच्या ताटातली उरलेली पोळी, पातेल्याच्या बुडाचा भात, 'टाकायचं कसं' म्हणून तोंडात टाकलेला शिरा. हे सगळं आपलं जेवण झाल्यावरचं असतं आणि कुणाच्याच मोजणीत येत नाही. अन्न वाया घालवू नये हे मलाही मान्य आहे, पण त्याचा उपाय कमी शिजवणं हा आहे. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी फोडणीची पोळी करा. घरातल्या बाईचं पोट ही उरलेलं ठेवायची जागा नव्हे.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यावर तूप, दाण्याचं कूट, बटाटा. खिचडीची भरलेली ताटली रोजच्या जेवणाहून जड होते. एकादशीला उकडलेलं रताळं, ताक, फळ किंवा राजगिऱ्याची भाकरी खा. श्रद्धेला यात कुठेच बाधा येत नाही.

पंगतीत आग्रह झाला तर कारणं देत बसू नका. डायटचं नाव काढलं की वाढणारी आणखी दोन जिलब्या वाढते. 'पोट भरलं, छान झालं होतं,' एवढं बोलून ताटावर हात धरा. सणाला पुरणपोळी जरूर खा, पण पानावर बसून, सगळ्यांबरोबर. ओट्यापाशी उभ्याने खाऊ नका.

चालण्याचं म्हणाल, तर तब्येतीसाठी आठवड्याला १५० मिनिटं पुरतात, पण उतरलेलं वजन धरून ठेवायला २०० ते ३०० लागतात. आम्ही काही जणी पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जातो. एकटीने कंटाळा येतो आणि सोबतीण दाराशी उभी असली की जावंच लागतं. त्याखेरीज खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला रेटून जोर काढणं, हे स्नायूंसाठी.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी करावं. एखादा किलो पाण्याने आणि मिठाने इकडेतिकडे होतो, त्याने घाबरू नये. दोन किलो चढले आणि पुढच्या आठवड्यातही राहिले, तर त्याच आठवड्यापासून सावरायचं, सण संपायची वाट पाहायची नाही. कमरेला टेपही लावा. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाऊ शकते. डोस त्यांनीच कमी करायचा, आपण नाही.