उन्हाळ्याची परसबाग आणि पाण्याचा हिशोब

घराच्या मागच्या जागेत घरापुरता भाजीपाला लावतात, त्याला परसबाग म्हणतात. पावसाळ्यात ती कोणीही करतो. उन्हाळ्यातली अवघड. आपला माण तालुका कमी पावसाचा. मार्च लागला की विहिरीचं पाणी तळाला जातं आणि आई हापशावर रांगेत उभी असते. म्हणून आमच्या घरी ठरलेलं आहे, भाजीसाठी वेगळा हंडा आणायचा नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं आणि भांडी नुसती विसळलेलं पाणीच घालायचं. साबणाचं पाणी केळीला जातं.

असं पाणी आमच्याकडे रोज २ बादल्या निघतं. मी तांब्याने मोजलं. एका बादलीत १५ तांबे, म्हणजे एकूण ३० तांबे. एका आळ्याला २ तांबे लागतात. ३० भागिले २ बरोबर १५. तेव्हा आळी १५ च करायची, सोळावं नाही. भेंडीची ८, गवारीची ४, दोडक्याची २ आणि कारल्याचं १. कारलं आजीसाठी, मला आवडत नाही.

थंडीत भेंडीचं बी नीट उगवत नाही. संक्रांत होऊन थंडी कमी झाली की जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बी टोकावं. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं की लवकर उगवतं. कारल्याच्या बियांचं साल जाड असतं, त्या एक दिवस-एक रात्र भिजवाव्यात. आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेण नको, त्याने हुमणी होते. बी बोटाच्या एका पेराएवढं खोल टाकावं. वर बाभळीच्या काट्या ठेवायच्याच, नाहीतर कोंबड्या सगळं उकरून खातात. दोडका आणि कारलं कुंपणाजवळ लावावं, वेल आपोआप चढतो.

रोप वीतभर झालं की आळ्यात वाळलेला पाला पसरावा. मातीवर थेट ऊन पडत नाही आणि ओल टिकते. पाणी संध्याकाळी घालावं.

दीड-दोन महिन्यांनी भेंडी सुरू होते. ती दिवसाआड तोडावी, नाहीतर जून होते. पण चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्या बियाण्यासाठी वाळू द्याव्यात. आजी त्यांना लाल चिंधी बांधते, म्हणजे कोणी तोडत नाही. दुकानातलं संकरित बी असेल तर मात्र त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वेळी तसंच झाड येत नाही.

आमचं दोडक्याचं बी घरचं आहे. आजीने ते राखेत घालून डब्यात ठेवलं आहे. ज्याला पाहिजे असेल त्याला मी पाच-पाच बिया देईन. पुडी बांधायला कागद आणावा.