वजन उतरवा, ताकद राखा



गटात फिरताना हल्ली एक गोष्ट वारंवार आमच्या कानावर येते. रक्तात साखर वाढली, वजन कमी करा असे डॉक्टरांनी सांगितले, की सभासद एक वेळचे जेवणच बंद करतात. दोन महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. पण खताचे पोते काही उचलत नाही. असे का होते?

उसाचे टनेज कितीही भरो, उताराही पाहावा लागतो. शरीराचेही तसेच. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. अर्धपोटी राहिले की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिस्सा घटले आणि ताकदही गेली. शिवाय जेवणातून रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. म्हणजे स्नायू घालवणे मधुमेह्याला दुप्पट तोट्याचे.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) घाई करू नये. आठवड्याला अर्धा किलो पुरे. चहातली साखर, तेलकट पदार्थ आणि भात कमी करा. जेवण सोडू नका.

२) प्रथिने भरपूर घ्या. वजन उतरवताना किलोमागे रोज सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. एका अंड्यात ६, अर्धा लिटर दुधात १६, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा मटकीत सुमारे २२ ग्रॅम मिळतात. सगळेच दूध डेअरीला घालू नका, घरातही ठेवा.

३) स्नायूंना काम द्या. आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो. चालणे चांगलेच, पण तेवढ्याने भागत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका काढा किंवा झेपेल तसे ओझे उचला. बायकांनीही हे करावे.

४) महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. कंबर उतरते आहे आणि ओझे पहिल्यासारखे उचलते आहे, तर समजा चरबीच जाते आहे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी आजच टेप हातात घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी