डुकराच्या पिल्लांसाठी विरजलेलं खाद्य

पिल्लांना हगवण बहुधा दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लागते. आईच्या दुधातली प्रतिपिंडं अचानक बंद होतात, पिल्लू खाणं टाकतं, आतड्याची लव आखूड होते आणि ई. कोलाय हा जिवाणू माजतो. म्हणून तयारी आधीच करावी लागते. कोल्हापूर भागात त्यासाठी लागणारं मका, सोयाबीन पेंड आणि ताक, तिन्ही हाताशी असतं.

पहिलं काम चिकाचं. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात. व्यायल्यावर काही तासांतच प्रत्येक पिल्लू सडाला लागलं पाहिजे. अशक्त पिल्लाला हाताने लावा. एक-दीड दिवसानंतर आतडं ती प्रतिपिंडं रक्तात घेऊ शकत नाही. चीक हुकला तर पुढचं कितीही ताक ती उणीव भरून काढत नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली की खाद्य विरजायला घ्या. प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत मका आणि सोयाबीन पेंडीचा पाव किलो बारीक भरडा, अर्ध्या लिटरहून थोडं जास्त कोमट पाणी आणि अर्धी वाटी ताजं, बिनमिठाचं ताक कालवा. पाणी कढत नको, त्यात ताकातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू मरतात. झाकण सैल ठेवून बादली एक दिवस सावलीत राहू द्या. हिवाळ्यात जास्त वेळ लागतो. ताकासारखा आंबट वास आला की खाद्य तयार. बुरशी किंवा कुजका वास असेल तर सगळं टाकून द्या. चांगल्यातलं थोडं उद्याच्या विरजणाला राखा.

डुकरीण पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात, उथळ ताटलीत, थोडं थोडं द्या. उरलेलं लगेच काढून ताटली धुवा. या जिवाणूंच्या आम्लामुळे घातक जिवाणूंची वाढ रोखली जाते. आतड्याच्या भिंतीवरची जागाही ते आधीच धरतात. भिंतीतल्या प्रतिकारपेशींना त्यांची चाहूल लागते आणि आतड्यात आयजीए प्रतिपिंडं तयार होण्यास मदत होते. याला वेळ लागतो, म्हणून हगवण लागल्यावर सुरू करण्यात फारसा अर्थ नाही.

दूध तोडल्यावर हेच खाद्य दोन आठवडे चालू ठेवा आणि त्याच दिवशी गोठा बदलू नका. पावसाळ्यात जमीन कोरडी, पिल्लांची जागा उबदार हवी. प्रतिजैविकं दिली तर हे जिवाणूही मरतात. औषध संपल्यावर पुन्हा ताक सुरू करा.

हगवण पाण्यासारखी किंवा रक्ताची असेल तर ताकावर वेळ घालवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.