स्टोअरची किल्ली

पुसद

चि. बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, ‘मामा, चोवीस वर्षं पुरी होतायत, पुढच्या वर्षी घरी येतो. मला रायफल सोडून काय येतं? यवतमाळला नाही तर नागपूरला कुठंतरी सिक्युरिटीत लागेन.’ तेव्हा तुझ्यामागं जवानांचा गलका होता, म्हणून मी गप्प बसलो. पण तुझं ते वाक्य मला पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते सविस्तर सांगायला पत्रच बरं.

सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पुण्याच्या माजी सैनिक महामंडळानं, आपण ज्याला मेस्को म्हणतो त्यानं, कितीतरी जवानांना इमानाची भाकरी दिली आहे. ज्याला तेच काम आवडतं त्यानं ते मान वर करून करावं. पण दुसरं काही सुचलं नाही म्हणून गेटवर जाऊन उभं राहणं, हे मला तुझ्या बाबतीत मान्य नाही. फौजेतून आलेला माणूस आधी आपली रँक सांगतो, मग पल्टन सांगतो, आणि तिथं थांबतो. समोरच्या शेटजीला किंवा साहेबाला त्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त अंगकाठी दिसते आणि तो गेटकडे बोट दाखवतो. यात दोष त्याचा कमी आणि आपला जास्त आहे, कारण आपण तिथं नेमकं काय काम केलं ते आपण सांगतच नाही.

तू कंपनीचा सीक्यूएमएच, म्हणजे क्वार्टरमास्टर हवालदार आहेस. शंभराच्या वर माणसांचं रेशन, कपडालत्ता, बूट, तंबू, भांडी, रॉकेल, सगळं तुझ्या सहीनं येतं आणि तुझ्या सहीनं जातं. लेजरमधला आकडा आणि फळीवरचा माल जुळला नाही तर जबाब तुला द्यावा लागतो. जुना माल आधी काढायचा, पोत्यांची थप्पी भिंतीपासून सोडून लावायची, खाली लाकडी फळ्या टाकायच्या, ओल लागली की लगेच वेगळं करायचं, गाडी आली की वजन बघितल्याशिवाय पावती द्यायची नाही. बर्फात रस्ता बंद होण्याआधी सहा महिन्यांचा साठा वर चढवायचा म्हणजे कोणती वस्तू किती लागेल याचा हिशेब आधी मांडायचा. हे सगळं तुला इतकं अंगवळणी पडलं आहे की ते काम आहे हेच तू विसरलास. बाहेर याच कामाला स्टोअरकीपर म्हणतात, गोदाम व्यवस्थापक म्हणतात, आणि मोठ्या कंपनीत त्याचं शिक्षण घेतलेली पोरं नोकरीला ठेवतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघ. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं. कास्तकाराला मजुरांचे पैसे द्यायचे असतात, कृषी केंद्राची उधारी असते, पोरांची फी असते. सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव खाली बसतो. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला की माल परत येतो, आणि मग तो व्यापाऱ्याच्या काट्यावर पडेल त्या भावानं जातो. यावर उपाय नाही असं नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 च्या सुमारापासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजानं उचलायची, आणि भाव सुधारला की विकायचा. वखार महामंडळाची गोदामं आहेत, त्यांच्या पावतीवर बँक कर्ज देते. योजना कागदावर चांगली आहे. पण शेतकरी पोतं ठेवायला कचरतो, कारण वजनात घट दाखवतील, माल बदलतील, भुंगा लागला तर कोणी जबाबदारी घेणार नाही, ही धास्ती त्याच्या मनात बसलेली आहे. त्या गोदामाची किल्ली ज्याच्या हातात असेल त्या माणसावर सगळी योजना उभी असते. दिग्रस, आर्णी, दारव्हा, घाटंजी, सगळीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी मालाची नोंद चोख ठेवणारा, मोहात न पडणारा माणूस शोधत आहेत. बाळू, तो माणूस तूच आहेस आणि तू म्हणतोस मला काही येत नाही.

तेव्हा एक कर. एक वही घे आणि तिच्यात रँक, पदक, पोस्टिंग यातलं काही न लिहिता फक्त काम लिही. किती माणसांचा साठा सांभाळला, किती प्रकारच्या वस्तू, किती हाताखालचे जवान, तपासणीत काय निघालं, संगणकावर नोंद केली का हातानं. साध्या मराठीत लिही, मग कोणाकडून इंग्रजीत करून घेऊ. तुझा बायोडेटा त्यातूनच निघेल.

शिकायची संधीही तिथंच आहे. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे तुमचं डीजीआर, नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात सहा महिन्यांपर्यंतचे कोर्स देतं आणि जवान व जेसीओ यांना त्याची फी पडत नाही. तुमच्यातली बरीच पोरं घराजवळचं ठिकाण मिळतं म्हणून कोर्स निवडतात आणि ते दिवस सुट्टीसारखे घालवतात. मला याचा फार राग येतो. सैनिकाला घरी पाठवताना हाताला नवं काम शिकवून पाठवावं, ही आपल्याकडे शंभर वर्षांची जुनी रीत आहे. आज खडकीला असलेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, हात-पाय गमावलेल्या जवानांसाठीच निघालं. तू धडधाकट आहेस आणि सरकार फुकट शिकवतंय, तर साठा व्यवस्थापनाचा किंवा त्याच्या जवळपासचा कोर्स घे, आणि संगणकावर एक्सेल असं शीक की दुसऱ्याला शिकवू शकशील. इकडे आल्यावर एमएस-सीआयटी करावंच लागेल, कारण लिपिकाच्या सरकारी जागेला ते मागतात. मराठी टायपिंगचा सरावही आतापासून सुरू कर.

सरकारी नोकरीचं म्हणशील तर दार बंद नाही, पण नियम नीट कळले पाहिजेत. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस, वनरक्षक, तलाठी, लिपिक, सगळं त्यात येतं. केंद्रात गट क ला 10 आणि पूर्वीच्या गट ड ला 20 टक्के, आणि सरकारी बँकांत 14.5 व 24.5 टक्के आहे. तू दहावी पास आणि 15 वर्षांहून जास्त नोकरी झालेली, म्हणून फौजेचं पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळतं आणि जिथं तांत्रिक ज्ञान लागत नाही अशा पदवीच्या जागांना अर्ज करता येतो. वयात फौजेची वर्षं वजा होतात. निवृत्तीला एक वर्ष राहिलं की केंद्राच्या जागांना नोकरीत असतानाच अर्ज करता येतो, म्हणजे तुझी वेळ आताच सुरू झाली. आणखी एक गोष्ट फार जण चुकवतात. केंद्राच्या नोकरीत आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा कायम रुजू झालास की तो लाभ संपतो. पण रुजू होण्याआधीच तू दुसरीकडे अर्ज केलेले असतील, आणि रुजू होताना लगेच त्यांची यादी लेखी दिलीस, तर त्या जागांसाठी हक्क राहतो. 2014 पासून हा नियम स्पष्ट आहे. म्हणून पहिली मिळेल ती शिपायाची जागा घाईत धरताना ती यादी विसरू नकोस.

यवतमाळला ‘सेटिंग’ करून देतो म्हणणारी माणसं भेटतील. तुझ्या हातात पैसा येणार आहे हे त्यांना तुझ्या आधी कळतं. माजी सैनिकांच्या जागा कित्येकदा पात्र उमेदवार नाही म्हणून रिकाम्या राहतात, मग पैसे कशाला द्यायचे? अभ्यासाला लाग. तलाठ्याच्या किंवा बँकेच्या परीक्षेत तुला आडवं येईल ते गणित आणि मराठी व्याकरण. तुझ्या मुलीची आठवीची पुस्तकं घेऊन बस, लाज धरू नकोस.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, पण तुझी दोन वर्षं वाचवील. सूनबाईचं नाव आधार कार्डावर वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं आणि तुझ्या रेकॉर्डमध्ये तिसरंच आहे, हे मला तुझ्या आईकडून कळलं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या नोंदीचा आदेश, निघायला हवी, दोन्ही पोरांच्या जन्मतारखांसह, आणि ती तू नोकरीत असतानाच. बाहेर आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं आणि तोपर्यंत ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड अडतं, पुढे कुटुंब निवृत्तीवेतनही अडतं. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलवर आहे, त्याचा पासवर्ड तुझ्याकडेच ठेव, कॅफेवाल्याकडे नको, आणि दरवर्षी हयातीचा दाखला तिथं टाकायचा असतो हे सूनबाईलाही शिकव. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र आणि नोकरीसाठी नाव नोंदणी, ही दोन कामं आल्या आल्या कर. जातीची वैधता आणि अधिवासाचा दाखला मी इकडे काढायला घेतो, तुझ्या सहीचे अर्ज तेवढे पाठव.

पैशाचं बोलतो. ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि पेन्शनची विक्री मिळून मोठी रक्कम खात्यावर येईल. पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकता येतो, आणि तो 15 वर्षं कापला जाऊन मगच परत मिळतो. म्हणजे आज हातात आलेले पैसे ही तुझ्या अठ्ठावन्न वर्षांपर्यंतची कमी झालेली पेन्शन आहे. ट्रॅक्टर घेऊ नकोस. सहा एकर वावराला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, भाड्यानं मिळतो. पहिल्या वर्षी बोअर मारू नकोस, घराचा स्लॅब टाकू नकोस, आणि कोणत्याही पतसंस्थेत जादा व्याजाला भुलून ठेवू नकोस. भाऊबंद मागतील. त्यांना सांग की पैसे मामाला विचारून बँकेत बांधले आहेत. दोष माझ्यावर येऊ दे, मला चालतं.

घराबद्दल एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला कडू लागेल. इतकी वर्षं तुझ्या गैरहजेरीत सूनबाईनं वावर पेरलं, सालदाराशी भांडली, बँकेत गेली, तुझ्या बापाला दवाखान्यात नेलं. तू घरी येशील तेव्हा ते फौजेचा तळ नव्हे, तिनं चालवलेलं घर आहे. पहाटे पाचला सगळ्यांना उठवून रांगेत उभं करू नकोस. पहिले सहा महिने कपाशी कधी वेचायची, तूर कधी सोंगायची, उधारी कोणाची किती, हे तिला विचार आणि ती सांगेल तसं कर. बाहेरही तेच. गोदामात किंवा कार्यालयात तुझा साहेब तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल, तो वेळेवर येणार नाही, आणि तुझं ऐकायला तिथं कोणी बांधलेलं नाही. चिडून ‘फौजेत असं चालत नाही’ म्हणालास तर महिनाभरात लोक तुला टाळू लागतील. काम करून दाखव, मग तेच विचारायला येतात. आणि कॅन्टीनचा दारूचा कोटा गावात आणून मैत्री जोडू नकोस. या वाटेनं गेलेले चांगले जवान मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

शेजारचा पोरगा अग्निवीर म्हणून गेला आहे हे तुला ठाऊक आहे. चार वर्षांनी चारांतला एक राहणार आणि बाकी तिघं पेन्शनशिवाय, पंचविशीच्या आत घरी येणार. त्याचा बाप आत्ताच मला विचारतो, पुढे काय. तू इथं गोदामाचं काम नीट बसवलंस तर त्या पोराला हाताखाली घेता येईल, असं मी त्याला सांगून टाकलं आहे.

वही लिहून झाली की फोटो काढून पाठव. तुझ्या कोर्सच्या अर्जाची तारीख हेड क्लार्ककडून याच आठवड्यात विचारून घे, आणि पार्ट टू ऑर्डरचा अर्ज त्याच दिवशी त्याच्या टेबलावर दे. दिवाळीच्या सुट्टीत आलास की आपण बाजार समितीच्या गोदामात एक चक्कर मारू, तिथल्या माणसाशी मी बोलून ठेवतो. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे.

तुझा
मामा