सुगरणीचा खोपा कोण विणतो?

खानदेशात पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी आपल्या कवितेत या विणकामाचे श्रेय मादीला दिले. प्रत्यक्षात विणकर असतो नर! डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्याच्या विणीचे बारकाईने निरीक्षण केले.

पावसाळ्यात हिरवी पाती लवचिक असतात, पिलांना किडेही मिळतात. नर पात्यांच्या लांब पट्ट्या काढून सुमारे ८ दिवसांत टोपीसारखा अर्धा खोपा विणतो व पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादीने तो पसंत केला, तरच अंड्यांची खोली व खाली उघडणारी नळी पुरी होते. एका खोप्यासाठी ५०० पर्यंत खेपा होतात! मादी २ ते ४ अंडी एकटीच उबवते. नर दुसरा खोपा विणू लागतो.

खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेस, म्हणजे नैर्ऋत्य वाऱ्याच्या आडोशाला असतात. तुमच्या शिवारात हे खरे आहे का? होकायंत्र घेऊन लांबूनच पाहा. पूर्ण व अर्धे खोपे वेगवेगळे मोजा. अर्धा खोपा म्हणजे बहुधा मादीने दिलेला नकार!